जुन्या गाडीचं पासिंग काढायचंय? खाऱ्या वाऱ्यातल्या गाडीची तयारी खालून सुरू करा

पासिंगची, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीची, तारीख जवळ आली की आपल्याकडे बहुतेक जण काय करतात, तर आदल्या संध्याकाळी गाडी धुतात, डॅशबोर्डला पॉलिश मारतात, टायर काळे करतात आणि सकाळी उदबत्ती लावून निघतात. आणि मग दुपारी गाडी तशीच परत, कारण हँडब्रेक धरत नाही, नाहीतर मागचा एक दिवा लागत नाही, नाहीतर चेसिस नंबर वाचता येत नाही. मी गुहागर-चिपळूण साइडला पिवळ्या पाटीची ईको चालवतो, २०१४ची गाडी आहे, घरात काकांची पांढऱ्या पाटीची छोटी कार आहे २००८ची, दोन्ही गाड्यांची पासिंगं मीच करून आणतो. त्यातून जे कळलं ते इथे सगळं लिहितोय, कारण घाटावरच्या गाडीला चालणारी तयारी आपल्या किनाऱ्यावरच्या गाडीला पुरत नाही. आपली गाडी वरून छान दिसते आणि खालून सडत असते.

आधी नियम थोडक्यात, कारण यात लोकांचा फार गोंधळ असतो. पिवळी पाटी म्हणजे ट्रान्सपोर्ट गाडी असेल तर पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी फिटनेस, आठ वर्षं झाली की दरवर्षी. पांढऱ्या पाटीच्या खाजगी कारला दरवर्षी काही नाही, रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, ते संपलं की गाडी दाखवून रिन्यू करायचं आणि मग ते ५ वर्षं चालतं, पुन्हा ५ वर्षांनी तेच. १५ वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारातच द्यावी लागते असं बरेच जण अजून धरून चालतात, ते दिल्लीकडचं प्रकरण, आपल्याकडे खाजगी गाडी फिट असेल तर रिन्यू होते. फी मात्र वाढलीय, १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फी ६०० वरून ५००० झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी १०००० केली. शिवाय आपल्या राज्यात जुन्या गाडीला पर्यावरण कर भरावा लागतो तो वेगळा. खाजगी गाडीचा अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपायच्या आधी ६० दिवसांच्या आत कधीही करता येतो, उशीर केलात तर कारला महिन्याला ५०० रुपये जादा चढत जातात. आणि पैशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे फिटनेस संपलेल्या गाडीला कायद्याने रजिस्ट्रेशनच नाही असं धरतात, अशा गाडीचा अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्याला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं, त्यामुळे चार दिवस पुढे-मागे झाले तर काय होतंय असं करू नका.

तयारीला निदान एक महिना आधी लागा. गंज निघाला तर वेल्डर, पेंटर यांच्या मागे आठवडा जातो, पार्ट मागवायला लागला तर चिपळूणहून नाहीतर कोल्हापूरहून यायला चार दिवस. आणि तारीख जून ते सप्टेंबरमध्ये पडत असेल तर पत्र्याचं काम एप्रिल-मे मध्येच उरकून घ्या, पावसात मारलेला प्रायमर नि कोटिंग आत ओल कोंडून ठेवतात, सहा महिन्यात तिथूनच पापुद्रे सुटायला लागतात.

आता मुख्य काम, गंज. आपल्याकडे हवेतच मीठ आहे, वर पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, वर लाल माती जी सुकली की पत्र्याला लिंपल्यासारखी बसते आणि ओल धरून ठेवते. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीने ये-जा करत असाल तर जेट्टीवरच्या उतारावरचं खारं पाणी चाकांनी उडून खाली बसतं. कुणी पाहुण्यांच्या हट्टापायी गाडी पुळणीवर घालतं, कुणी डिकीतून म्हावरं आणतं आणि बर्फाचं पाणी मॅटखाली झिरपतं. या सगळ्याचा हिशोब पासिंगच्या दिवशी होतो.

तपासायचं कसं? गाडी सर्व्हिस सेंटरला रॅम्पवर घेतलीत तर उत्तम, खालून प्रेशरने धुवून घ्या आणि सुकू द्या, मातीखाली गंज दिसत नाही. घरी करायचं असेल तर एक कळकळीने सांगतो, जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली शिरू नका. आपली जमीन मऊ, जॅक रुततो, म्हणून जॅकखाली जाड फळी आणि वर लोखंडी स्टँड पाहिजेच. चिऱ्यावर गाडी टेकवणारे मी पाहिलेत, जांभा वरून दणकट वाटतो पण टोकावर वजन आलं की भसकन फुटतो. चिरा चाकाला अडण म्हणून लावा, गाडीखाली आधार म्हणून नको.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दाराखालचा लांब पट्टा, चाकांच्या कमानी, मागच्या चाकांमागचा भाग, चेसिसचे पट्टे हे सगळं हळूहळू ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला थप्प असा बसका आवाज देतो, आणि जिथे आवाज बसला तिथे टोकाने दाबून बघा, पापुद्रा सुटून टोक आत गेलं तर तिथे पत्रा उरलेला नाही. जुनी गाडी घेतलेली असेल तर फ्रीजवरचं साधं मॅग्नेट फडक्यात गुंडाळून बाहेरच्या पत्र्यावरून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे आधीच्या मालकाने गंजावर पुट्टी भरून रंग मारलाय असं समजा. बाहेरच्या फेंडरला पुट्टी असली तर पासिंगच्या दृष्टीने फार नाही, पण चेसिसच्या पट्ट्याला, सस्पेन्शन जिथे बसतं तिथे, सीटबेल्टच्या बोल्टजवळ गंजाने भोक पडलं असेल तर तिथे पुट्टी चालत नाही, सडका भाग कापून नवीन पत्रा वेल्ड करायचा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा आणि सीएनजी गाडी असेल तर आधी किटवाल्याकडे जाऊन सिलिंडर काढून घ्या, यात चालढकल नको. नुसता वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून रस्ट कन्व्हर्टर, त्यावर रेड ऑक्साइडचा प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळं पूर्ण सुकल्यावर अंडरबॉडी कोटिंग. गंजावर थेट कोटिंग मारून घेऊ नका. वरून काळंभोर दिसतं, आत गंज चालूच राहतो आणि आता तो दिसतही नाही. जुनं इंजिन ऑइल खालून मारायची पण आपल्याकडे रीत आहे, पण ते रबरी बुशांना लागलं की रबर फुगून मऊ पडतं, ब्रेकच्या लायनरवर उडालं तर ब्रेकच जातो, आणि पहिल्या पावसात अर्धं ऑइल विहिरीच्या दिशेने. मी ते बंद केलं.

दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची छोटी भोकं असतात, ती मातीने बुजतात आणि दार आतून सडतं. ती साफ करायला लोखंडी तार वापरू नका, रंग खरवडला की तिथूनच गंज सुरू होतो. केरसुणीतला माडाचा हीर घ्या, बरोबर त्या भोकात जातो, वाकतो पण मोडत नाही आणि रंगाला ओरखडा नाही. ईकोसारखी सरकत्या दाराची गाडी असेल तर खालच्या रुळातली माती पण त्याच हिराने काढा, रूळ धुवून ग्रीस लावा. दार अर्ध्यावर अडकत असेल तर आरटीओचा निरीक्षक ते नक्की बघतो, पॅसेंजर गाडीत दार आतून-बाहेरून सहज उघडलंच पाहिजे.

आता चेसिस नंबर, यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण आमच्या घरात हेच घडलंय. काकांची कार वर्षानुवर्षं आंब्याखाली उभी. पुढच्या काचेखाली, वायपरच्या जाळीत, पातेरा आणि मोहोर पडून पडून त्याचं खत झालं होतं, पाण्याची वाट बंद, त्यामुळे पावसाचं पाणी बॉनेटच्या आतल्या मागच्या पत्र्यावरून ओघळायचं, आणि नेमका त्याच पत्र्यावर चेसिस नंबर ठोकलेला. कुणाला पत्ता नाही. २०२३ला रजिस्ट्रेशन संपलं तेव्हा पेन्सिल प्रिंट घ्यायला म्हणून फडकं मारलं तर शेवटचे तीन आकडे गंजाच्या खाली. पेन्सिल प्रिंट म्हणजे नंबरवर पातळ कागद धरून वरून पेन्सिल आडवी फिरवायची, अक्षरं पांढरी उठतात. आमच्या कागदावर नुसता काळा डाग उठला. पहिल्या गॅरेजवाल्याने लगेच पॉलिश पेपर हातात घेतला, मीच थांबवलं. चेसिस नंबरवर ग्राइंडर, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, पंच, काही म्हणजे काही लावायचं नाही. आकडे मुळातच उथळ असतात, ते घासले गेले किंवा कुणी परत ठोकून उठवायला गेलं तर गाडीचा नंबर छेडल्यासारखा दिसतो, मग ते प्रकरण पासिंगपुरतं राहत नाही, पोलीस व्हेरिफिकेशनपर्यंत जातं. आम्ही काय केलं, तर गंज सोडवायचा स्प्रे मारला, रात्रभर ठेवला, सकाळी जुन्या मऊ टूथब्रशने रॉकेलमध्ये बुडवून गोल गोल घासलं, पुसलं, परत स्प्रे, असं तीन दिवस. तिसऱ्या दिवशी प्रिंटवर आठचं वरचं वेटोळं उठलं आणि मग हळूहळू बाकीचे. काकांनी तो कागद अजून आरसीच्या पिशवीत ठेवलाय. तर तुमच्या गाडीत चेसिस नंबर कुठे आहे ते आजच शोधा, कुठल्या गाडीत बॉनेटखाली, कुठल्या गाडीत सीटखाली नाहीतर चेसिसच्या पट्ट्यावर असतो, प्रिंट काढून बघा, आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा, आणि साफ झाल्यावर त्यावर व्हॅसलीनचा पातळ थर लावून ठेवा. इंजिन नंबरचं पण तेच. स्प्रेने जमलंच नाही तर लपवत बसू नका, आधीच जाऊन निरीक्षकांना दाखवा आणि पुढची रीतसर प्रोसेस विचारा.

आणि वायपरच्या जाळीतला पातेरा दर महिन्याला काढा. पुढच्या सीटसमोरची मॅट उचलून हात लावून बघा, खाली ओल आणि कुबट वास असेल तर पाणी तिथूनच येतंय.

ब्रेक. हे नीट वाचा. आपल्या जुन्या गाड्यांना मागे ड्रम असतात, आणि पावसात गाडी हँडब्रेक लावून चार दिवस उभी राहिली की लायनर ड्रमला गंजाने चिकटतो, सकाळी निघताना टक्क असा आवाज येतो तो हाच. असं वारंवार झालं की लायनर उखडतो. म्हणून घरी उभी करताना पहिला गिअर टाका, चाकाला धोंडा लावा, हँडब्रेक सोडून ठेवा. पासिंगच्या आधी मागचे दोन्ही ड्रम उघडून घ्या, साफ करा, लायनर बघा, व्हील सिलिंडर ओलसर असेल तर बदला, हँडब्रेकची केबल आतून गंजलेली असेल तर तेल घालून वेळ मारून नेण्यापेक्षा नवीन टाका, फार महाग नसते. टेस्ट घरीच करा, चढावर गाडी उभी करून हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, गाडी घरंगळली नाही पाहिजे. मग सपाट मोकळ्या रस्त्यावर तीसच्या स्पीडला ब्रेक दाबून बघा, स्टिअरिंग सैल धरल्यावर गाडी एका बाजूला ओढते का. ओढत असेल तर बहुतेक एका बाजूचा कॅलिपर (डिस्क ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) जाम आहे, किनाऱ्यावर हे फार होतं, कॅलिपरच्या पिना काढून साफ करून त्यांचं खास ग्रीस लावलं की बहुतेक वेळा सुटतं.

ब्रेक ऑइल कधी बदललं होतं आठवतंय? नसेल आठवत तर बदलाच. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि आपल्याकडे ओलीला तोटा नाही, दोन वर्षांनी बदलायला हवं. ओल शोषलेलं ऑइल गरम झालं की त्यात वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं, सपाटीला हे कळतही नाही, कुंभार्ली नाहीतर आंबा घाट उतरताना चौथ्या-पाचव्या वळणावर कळतं. निरीक्षक आवारात दोनशे मीटर गाडी चालवून बघेल, तिथे हे ऑइल पास होऊन जाईल. घाटात नाही होणार. म्हणून हे काम पासिंगसाठी म्हणून नका करू, घरच्यांसाठी करा.

स्टिअरिंगला नियमाने ३० अंशांपर्यंत खेळ चालतो, म्हणजे चाक न हलता स्टिअरिंग त्याहून जास्त फिरता कामा नये. इंजिन बंद न करता, चाकं सरळ ठेवून दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवा आणि दुसऱ्या माणसाला पुढचं चाक बघायला सांगा. जास्त खेळ असेल तर टाय रॉड एंड, बॉल जॉइंट बघून घ्या. आमच्याकडे रस्त्यांची अशी अवस्था आहे की दोन पावसाळ्यात बुश जातातच, आणि हे बदललं की अलाइनमेंट करायला विसरू नका.

टायरची नक्षी कारला कमीत कमी १.६ मिलिमीटर लागते. मोजायला काही नको, टायरच्या खाचांत मध्येमध्ये छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. कडेला भेगा पडलेला टायर नक्षी असली तरी बदला. स्टेपनी पण बघतात, त्यामुळे तिच्यात हवा भरा, आणि ईकोसारखी खाली टांगलेली स्टेपनी असेल तर तिचा बोल्ट गंजून बसलाय का ते आता बघा, रात्री आडरानात बघायची वेळ येऊ देऊ नका.

दिवे. एकट्याने तपासता येत नाहीत, घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा आणि एकेक करून पार्किंग, लो, हाय, चारही इंडिकेटर, ब्रेक लाईट, रिव्हर्स, नंबर प्लेटचा दिवा. नंबर प्लेटच्या दिव्याला हमखास विसरतात. बल्ब चांगला असून लागत नसेल तर होल्डर काढून बघा, आत हिरवी कळक चढलेली असते, ती बारीक पॉलिश पेपरने काढा, थोडं व्हॅसलीन लावा आणि बसवा. दिवे मंद असतील किंवा ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर पण लुकलुकत असेल तर अर्थिंगचा बोल्ट गंजलाय, वायरमनला आधी तेच बघायला सांगा, नाहीतर तो भलत्याच वायरी कापत बसतो. आणि पावसाळ्यात उंदीर इंजिनात शिरून वायरी कुरतडतात, बॉनेट उघडून बघा, नारळाचा काथ्या नि सुक्या गवताचं घरटं बऱ्याच गाड्यांत सापडतं.

हेडलाईटची काच पिवळी पडली असेल तर टूथपेस्टने घासून महिनाभर बरं दिसतं, त्यापेक्षा पाण्यातला १००० आणि मग २००० नंबरचा पॉलिश पेपर, वरून पॉलिश. फोकस घरी बघायचा असेल तर सपाट जागेवर भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करा, भिंतीवर बल्बच्या उंचीला खडूने रेघ मारा, लो बीमची वरची कड त्या रेघेच्या साधारण पाच सेंटिमीटर खाली आली पाहिजे. बाहेरून घातलेले पांढरे झगझगीत एलईडी बल्ब काढून कंपनीचे साधे हॅलोजन घाला. प्रेशर हॉर्न काढा. पुढे लावलेला लोखंडी गार्ड काढा. काचांची काळी फिल्म काढा, नियमाने पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे.

नंबर प्लेट एचएसआरपीच, म्हणजे हाय सिक्युरिटीवालीच हवी. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ती आधीपासूनच येते, त्याआधीच्या गाडीला आपण ऑनलाइन बुक करून बसवून घ्यायची. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून हे महिनाभर आधीच्या कामात धरा.

बाकी पटकन सांगतो, वायपरचं रबर नवीन टाका, उन्हाने नि मिठाने कडक होतं आणि काचेवर पाण्याचे पट्टे ओढतं, वॉशरचं पाणी उडतंय ना बघा, स्पीडोमीटर चालू हवा, दोन्ही आरसे हवेत, सगळे सीटबेल्ट पूर्ण ओढून झटका देऊन बघा, अडकले पाहिजेत. पिवळ्या पाटीवाल्यांनी फर्स्ट एड बॉक्समधल्या औषधांच्या तारखा बघा, फायर एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्यात आहे का बघा, रिफ्लेक्टर टेप उखडली असेल तर नवीन लावा, स्पीड गव्हर्नर किंवा ट्रॅकिंग डिव्हाइस बसवलेलं असेल तर त्याचं सर्टिफिकेट चालू ठेवा. सीएनजी असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते, तारीख सिलिंडरच्या प्लेटवर असते, ती उलटली असेल तर बाकी सगळं चांगलं असून गाडी अडते.

चिपळूणकरांसाठी एक वेगळं. २२ जुलै २०२१च्या पुरात जी गाडी पाण्यात होती, ती नंतर कितीही चांगली केली असली तरी तिच्यात गाळ कुठेतरी शिल्लक असतो, सीटबेल्टच्या गुंडाळीत, सीटच्या रुळात, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये. अशा गाडीचे सीटबेल्ट आणि मागचे कनेक्टर उघडून बघा. त्या वर्षानंतर कुणाकडून स्वस्तात गाडी घेतली असेल तरी हे बघाच, डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात बारीक पिवळट गाळ सापडला तर समजून जा.

पीयूसी शेवटी करा, म्हणजे सर्व्हिसिंग झाल्यावर. बीएस-४ (बीएस म्हणजे धुराच्या नियमांची पातळी) आणि पुढच्या गाडीला एक वर्षाची पीयूसी मिळते, त्याआधीच्या गाडीला सहा महिन्यांची. बीएस-४ पेट्रोलला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं, बीएस-२ आणि ३ ला ०.५ टक्के आणि ७५०. जुनी पेट्रोल गाडी नापास होते ती बहुतेक वेळा एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि जुन्या ऑइलमुळे, म्हणून ते आधी बदला, आणि पीयूसीला थंड गाडी नेऊ नका, वीस मिनिटं चालवून इंजिन नि सायलेन्सर गरम झाल्यावर लगेच लावा. सायलेन्सरला गंजाने भोक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन रीडिंग चुकतं. डिझेलला पीयूसीवाला उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतो, तेव्हा टायमिंग बेल्ट जुना असेल तर आधी बदलून घ्या, तिथे तुटला तर इंजिनच बसतं. डिझेल फिल्टर बदला आणि आदल्या दिवशी गाडीला एक लांब चढ खालच्या गिअरमध्ये जोरात चढवून आणा, सायलेन्सरमधली काजळी बरीच उडून जाते.

कागदांमध्ये लोक अडकतात ते तीन ठिकाणी. एक, मोबाईल नंबर, परिवहनच्या साइटवर आरसीला जोडलेला नंबर जुना असेल तर ओटीपीच येत नाही, तो आधी अपडेट करा. दोन, लोन दहा वर्षांपूर्वी फिटलं तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते काढून घ्या. तीन, थकलेली ई-चलानं, मुंबई-गोवा हायवेवर किंवा पुण्याला जाताना कुठे कॅमेऱ्याने फोटो काढला असेल तर आपल्याला पत्ताही नसतो, नंबर टाकून बघा आणि भरून टाका. याशिवाय आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, आधीचं फिटनेस, पिवळ्या पाटीला परमिट आणि टॅक्सची पावती. ओरिजनल आणि झेरॉक्स दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत, पावसात कागद भिजून शाई पसरली तर तिथे कोण ऐकून घेत नाही.

एजंट लावलात तर कागदांपुरता लावा, गाडी घेऊन स्वतः जा. निरीक्षक खाली वाकून काय बघतो, कुठे हात लावतो हे एकदा शेजारी उभं राहून पाहिलंत की पुढच्या वर्षीची अर्धी यादी तिथेच मिळते. तालुक्याला आरटीओचा कॅम्प असतो तेव्हा गर्दी असते पण जिल्ह्याच्या गावी जायचा हेलपाटा वाचतो. ऑटोमेटेड टेस्टिंग स्टेशनची अपॉइंटमेंट आली असेल तर तिथे ब्रेक रोलरवर मोजतात, डाव्या-उजव्या चाकाचा फरक मशीनला लगेच कळतो, म्हणून वर सांगितलेलं ड्रम नि कॅलिपरचं काम तिथे जास्तच महत्त्वाचं. निघायच्या आधी गाडी धुवायची असेल तर आदल्या दिवशी धुवा आणि नंतर एक फेरी मारून ब्रेक चार वेळा दाबून सुकवा, ओल्या ड्रमने टेस्टला उभं राहू नका. आत जायच्या आधी बाहेर थांबून दिव्यांची एक फेरी परत करा, आमच्या रस्त्यांवरून साठ-सत्तर किलोमीटर हादरत आल्यावर बल्ब सैल पडतो, दोन वर्षांपूर्वी माझा डावा ब्रेक लाईट असाच घरी लागला नि तिथे पोचल्यावर लागेना. तेव्हापासून डॅशबोर्डमध्ये दोन जादा बल्ब आणि एक फ्यूज ठेवतो.

काही खोट काढली तर वाद घालू नका, नक्की काय ते लिहून घ्या, दुरुस्त करा आणि परत दाखवा. पास झालात तर फिटनेस ऑनलाइन दिसायला लागला की डाउनलोड करून घ्या आणि मुदतीची तारीख नीट वाचून बघा. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये गाडी एकदा खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या, दाराच्या भोकांतून हीर फिरवा, आणि चेसिस नंबरवरचं व्हॅसलीन पुसून नवीन लावा.